मदत हवी आहे : एक्स-रेवरचं फ्रॅक्चर नेमकं कुठं, हे फोनवर कसं सांगू?

रामराम मंडळी. आम्ही परभणीकडचे. परवा माय कापूस वेचून येताना बांधावरून घसरली, सगळा भार उजव्या तळहातावर आला. तालुक्याला एक्स-रे काढला, कच्चं प्लास्टर घातलंय. बोटं हलतात, मुंग्या नाहीत. गल्लीतले एक जण तेल लावून हाड बसवून देतो म्हणतात, त्यांना अजून हात लावू दिला नाही.

पुण्याचा मामेभाऊ हाडांच्या दवाखान्यात कामाला आहे. तो फोनवर विचारतो, "नेमकं कुठं मोडलंय?" मी म्हणलं मनगटापाशी. त्यावर तो नुसता हसला.

रिपोर्टात 'डिस्टल रेडियस, डॉर्सल डिस्प्लेसमेंट, एक्स्ट्रा-आर्टिक्युलर' असं आहे. मला उमगलं ते असं : रेडियस म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड. धडाकडचं टोक प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल. हाड सरकलं म्हणजे मनगटाकडचा तुकडा कुठं गेला ते बघायचं, कोपराकडचा नाही. इथं तो हाताच्या पाठीकडं गेलाय. बरोबर ना?

एक्स्ट्रा-आर्टिक्युलर म्हणजे चीर सांध्याच्या आत गेली नाही, असंच ना? आणि समोरून काढलेल्या फिल्मवर तर हाड जवळपास सरळच दिसतंय, बाजूच्या फिल्मवर मात्र वाकडं. मग भावाला कोणती पाठवू, का दोन्ही? खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढला तर चालतो का? सोमवारी परत दाखवायचंय, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.