चित्रकारावरच्या माहितीपटात चित्र अख्खं दिसायलाच हवं का?

गेरू
फ्रेंच दिग्दर्शक अलँ रेनेंचा चित्रकार व्हॅन गॉगवरचा ‘व्हॅन गॉग’ (१९४८) पुन्हा पाहिला, पुन्हा तीच चिडचिड. ऑस्कर मिळालेला, जेमतेम वीस मिनिटांचा लघुपट. कॅमेरा एका चित्रातल्या घरावरून थेट दुसऱ्या चित्रातल्या खोलीत शिरतो, चौकट कुठेच नाही. त्यात तो कृष्णधवल! जो माणूस रंगांसाठी फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी गेला, त्याची सूर्यफुलं राखाडी. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक चित्र निदान एकदा कडेपासून कडेपर्यंत, कॅमेरा न हलवता दाखवा. कुठे काय ठेवायचं हे चित्रकाराने ठरवलेलं असतं. त्याचे तुकडे करून दिग्दर्शकाने आपली गोष्ट जोडायची हा त्याच्यावर अन्याय आहे.

निळी शाई
अजिबात पटलं नाही. अख्खं चित्र बघायला संग्रहालयं आहेत, पुस्तकं आहेत. त्याची सायप्रेसची झाडं आणि आकाश एकाच आवेगाने कशी वळतात, हे मला त्या कृष्णधवल प्रतीतच पहिल्यांदा दिसलं. रंग बाजूला झाल्यावर नजर फटकाऱ्यांवर गेली.

आणि ‘अख्खं’ म्हणजे काय? शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींचं मध्ययुगीन संतांवरचं भित्तिचित्र तीन भिंतींवर पसरलंय. त्यांना एका डोळ्याने जन्मापासून दिसत नव्हतं, दुसरा अधू, तरी हे केवढं काम! ते एका नजरेत मावतच नाही. सत्यजित राय यांनी त्यांच्यावरच्या ‘द इनर आय’ या माहितीपटात (१९७२) त्यावरून कॅमेरा फिरवला नसता तर दाखवलं काय असतं?

गेरू
भित्तिचित्र फिरत बघायचंच असतं. मी ईझलवरच्या, एका चौकटीत मावणाऱ्या चित्रांबद्दल बोलतोय. गोष्ट वरचढ झाली की काय होतं, ते व्हॅन गॉगच्याच बाबतीत बघा. त्याची कहाणी सांगणारे शेवटी हमखास त्याचं गव्हाच्या शेतावरच्या कावळ्यांचं चित्र आणतात, कारण ते कावळे मृत्यूसारखे दिसतात. पण अभ्यासक आज ‘झाडांची मुळं’ हे त्याचं शेवटचं चित्र मानतात. निळ्या-हिरव्या रंगांनी गच्च भरलेलं, अर्धवट राहिलेलं. ते कहाणीत बसत नाही म्हणून वगळलं जातं.

मधुरा
अख्खं चित्र दाखवूनही फसगत होतेच की. दिग्दर्शक क्लुझो यांचा चित्रकार पिकासोवरचा चित्रपट घ्या (१९५६). शाई पलीकडे झिरपेल असा कागद, कॅमेरा मागच्या बाजूला. हात दिसत नाही, नुसती रेषा उमटत जाते. गेरू म्हणतात तसं चित्र पडदाभर, पूर्ण. पण वेळ कापलेला! तासन् तासांचं काम मिनिटांत संपतं आणि प्रतिभावंताला सगळं सहज जमतं असा समज होतो. मला तर त्यातलं समुद्रकिनाऱ्याचं चित्रच सर्वांत मोलाचं वाटतं. पिकासो ते बदलत राहतो, बिघडवतो, शेवटी नव्या कॅनव्हासवर पहिल्यापासून मांडतो.

गेरू
पण लोकांना हे दहा मिनिटांचं काम वाटेल आणि प्रत्यक्षात पाच तास लागलेत, हे क्लुझो त्याच चित्रपटात बोलून दाखवतात. काय कापलंय ते प्रेक्षकाला कळतं. रेने कुठे सांगतात?

निळी शाई
अगदी सुरुवातीच्या पाटीवर! केवळ त्याच्या चित्रांच्या आधारे त्याचं आयुष्य उभं करायचा हा प्रयत्न आहे, असं तिथे लिहिलंय. आयुष्य दाखवतो म्हणणाऱ्याकडे तुम्ही चित्रांचा कॅटलॉग मागताय.