मदत हवी आहे: भावाची चालण्याची चाचणी दर वेळी वेगळी येते

पाऊलवाट: भावाची सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेतेय. पहिल्यांदा ४१० मीटर, मग ३४५, काल ३८०. खुर्चीतून पाच वेळा उठायला एकदा १६ सेकंद, एकदा २१. आजार वाढलाय की माझं मोजणं चुकतंय? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना आकडे दाखवायचेत. लवकर सांगा, प्लीज.

निशिगंध: आजार कोणता? वय? मोजलंत कुठे?

पाऊलवाट: मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, टाइप १. स्नायू हळूहळू कमजोर होणारा आणि आवळले की पटकन सैल न होणारा आनुवंशिक आजार. वय ३८. पहिली चाचणी दवाखान्यात, नंतरच्या दोन घरी व्हरांड्यात.

वाटसरू: चाचण्या सोडा. स्मार्टवॉच बांधा, महिन्याची पावलं बघा. वडिलांच्या गुडघ्यांसाठी मी तेच करतो.

निशिगंध: घड्याळ किती चालला ते सांगतं, किती चालू शकतो ते नाही. आणि पाय ओढत सावकाश चालणाऱ्याची पावलं त्यातून निसटतात.

वाटसरू: सहा मिनिटं जोर लावून चालला आणि बाकी दिवसभर पडून राहिला, तर तो आकडा काय कामाचा? रोजचं चालणंच खरं.

गुणसूत्र: सीटीजी रिपीट, म्हणजे जनुकात पुन्हा पुन्हा आलेला डीएनएचा छोटा तुकडा, किती आहेत? या आजारात पुढच्या पिढीला त्रास लवकर सुरू होऊ शकतो. भावंडांनीही तपासून घ्यावं.

पाऊलवाट: माझी तपासणी झालीय. आत्ता तो विषय नको.

मोरपंखी: मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्हरांडा किती लांब? पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरणारा आधार, होता का? वेळ कोणती? सोबत कोण होतं?

पाऊलवाट: नऊ मीटर. ३४५ आले त्या दिवशी स्प्लिंटचा पट्टा तुटला होता, तसाच चालला. जेवल्यावर डुलक्या घेत होता, त्याला उठवून नेलं. काल मुलगा शेजारून पळत "मामा, अजून जोरात" ओरडत होता.

मोरपंखी: मग हे तीन आकडे एकमेकांशी ताडूच नका. ही चाचणी ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर घेतात. नऊ मीटरवर वळणंच इतकी येतात की अंतर घटणारच, त्यात त्याचं पाऊल लोंबतं. या आजारात दिवसा झोप येते, म्हणून वेळ ठरवा, सकाळची बरी. बूट तेच, स्प्लिंट तोच. शेजारून कुणी चालायचं नाही आणि दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोलायचं. दोनदा घ्या, मध्ये अर्धा तास विश्रांती. दुसऱ्यांदा अंतर बऱ्याचदा वाढतं, ती सवय असते. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

मुठीची ताकद मोजताय का? बरणीचं झाकण फिरवल्यावर त्याची बोटं चिकटून राहतात ना? चार-पाचदा मूठ उघडझाप केली की ती सैल होतात. म्हणून आधी हात मोकळा केला होता की नाही, तेही लिहा.

निशिगंध: त्याआधी ईसीजी! या आजारात हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा येऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी जोर लावायला लावू नका.

पाऊलवाट: ईसीजी गेल्या वर्षी झाला होता. आज फोन करून विचारते, तोवर चालणं बंद. उठण्याची चाचणी एकदा खुर्चीवर घेतली, एकदा पलंगावर. त्यानेही फरक पडतो?

मोरपंखी: खूप. २१ सेकंद पलंगावरचे ना?

पाऊलवाट: हो. आत्ताच टेप लावली. पलंग ३८ सेंटीमीटर, खुर्ची ४५.