पंधरा हजारांत डेस्कटॉप : जुना आय-फाइव्ह की नवा मिनी पीसी?

सदाशिवकर : काल इथे एकाने लिहिलं, "ऑफिसांतून उतरलेला जुना माल घेऊ नका. एन१०० (इंटेलचा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर) चा नवा मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातला डेस्कटॉप, घ्या. वेगाच्या चाचणीतला स्कोअर आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसरएवढा, वीज मात्र ६५ वॅटऐवजी ६ वॅट." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुलना ६५०० या २०१५ च्या चिपशीच का? हिंजवडी-खराडीच्या आयटी ऑफिसांतून उतरलेल्या मालात आता २०१८ चा आय-फाइव्ह ८५०० सर्रास दिसतो. खरे सहा कोअर (एकाच वेळी कामं करणारे प्रोसेसरचे भाग), रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे रॅमकडे जायला दोन वाटा. एन१०० ला चार कोअर आणि चॅनल एकच. आमच्याकडे बायकोचं टॅली, लेकाचा ऑनलाइन क्लास आणि क्रोमचे पंधरा-वीस टॅब एकाच वेळी चालू असतात. तिथे फरक डोळ्यांनी दिसतो. शिवाय ६५ वॅट हा पूर्ण ताणाचा आकडा आहे, मशीन नुसतं चालू असताना एवढी वीज खात नाही.

धायरीकर : तो "एकाने" म्हणजे मीच. तुमचा ८५०० कागदावर जिंकला, पण गिऱ्हाइकाच्या हाती तोच पडतो का? माझ्या मेव्हण्याला दुकानदाराने "आय-फाइव्ह आहे साहेब" म्हणून डबा दिला. पिढी कुठली ते बिलावर नाही. निघाली सहावी (६५०० वाली), तिच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. आता तो काय करणार? वर एव्ही१ (नव्या प्रकारचा दाबलेला व्हिडिओ) एन१०० खास हार्डवेअरवर, कोअरवर ताण न देता चालवतो, तुमच्या ८५०० च्या आठव्या पिढीला ते जमत नाही.

सदाशिवकर : व्हीपी९ हा आधीचा व्हिडिओ प्रकार जमतो, यूट्यूबला तेवढं पुरतं. आणि मेव्हण्याने टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचं नाव वाचलं नाही, याचा राग माझ्यावर कशाला?

कात्रज डीटीपी : दोघंही प्रोसेसरवरच अडकलात. माझं लग्नपत्रिकांचं काम आहे. जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, जुन्याच वायरवर चालणारी डिस्क) बसवली आणि कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायची वाट बघणं संपलं. प्रोसेसर तोच, रॅम तीच. हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरेक वेळा वाचते, एसएसडी हजारो वेळा. पंधरा हजारांतला पहिला खर्च तिथे करा, मग भांडा.

वाघोली फेज टू : आणि वीज? आमच्याकडे गुरुवारी देखभालीच्या नावाखाली जाते, पावसाळ्यात कधीही जाते. घरून काम करणाऱ्याने स्कोअर बघायचा की यूपीएस किती वेळ टिकतो ते? मिनी पीसी, मॉनिटर आणि राउटर मिळून माझी मीटिंग पूर्ण होते. आधीच्या टॉवरवर, म्हणजे मोठ्या डब्याच्या डेस्कटॉपवर, निम्म्यात सगळं बंद पडायचं.

सदाशिवकर : विषय कामगिरीचा आहे. विजेचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर गा.

वाघोली फेज टू : पेठेत बसून बोलायला सोपं आहे! बंद पडलेल्या मशीनची कामगिरी शून्य. बिल्डरने जनरेटर फक्त लिफ्टला जोडलाय, सोसायटीच्या तीन सभा त्यावर झाल्या.

धायरीकर : आमच्याकडेही तेच, लिफ्ट आणि पाण्याचा पंप. इन्व्हर्टर घ्यायचा तर बाल्कनीत जागा नाही.

कात्रज डीटीपी : सहाशे व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. म्हणजे ८४ वॅट-तास. निम्मी हाती लागते असं धरलं, तर ४० वॅटवर तासभर आणि ८० वॅटवर अर्धा तास. बॅटरी जुनी झाली की तेवढंही नाही. टॉवरवाल्यांनी हा हिशोब खर्चात धरायलाच हवा.

सदाशिवकर : ठीक आहे, ज्यांची वीज जाते त्यांच्यासाठी मिनी पीसी. एवढं मान्य, याहून जास्त नाही. पण लेकाला उद्या व्हिडिओ एडिटिंग शिकायचं झालं तर टॉवरमध्ये ग्राफिक्स कार्ड घालता येतं. त्या चिमुकल्या डब्यात कुठे घालणार?

धायरीकर : आणि ऑफिसच्या टॉवरचा पॉवर सप्लाय त्या कार्डाला पुरेल? बहुतेकांत कनेक्टर कंपनीच्या स्वतःच्या मापाचे, बाजारातला साधा सप्लाय बसतच नाही. हेही लेकाला आधीच सांगा.

सदाशिवकर : बारीक कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर चालतं, वेगळी वायर लागत नाही. तुम्ही आधी मेव्हण्याकडून बिलावर पिढी लिहून आणा, मग पुढचं बोलू.