पाल्यासाठी शेवगा: कोणता वाण घ्यावा?

नमस्कार मंडळी. औषधी पावडरीसाठी शेवग्याचा पाला काढायचाय, शेंगा नकोत. गेल्या वर्षी एका जुन्या झाडाच्या फांद्या लावल्या. जगल्या, पण छाटल्यावर फुटवा तुरळक आला आणि पावसात दोन झाडं बुडातून उलथली. आता बी लावीन म्हणतो. पीकेएम-१ हा वाण चालेल का?

उत्तर १:
चालेल. फांदीच्या झाडाला सोटमूळ नसतं, म्हणून ती उलथली. बियांच्या झाडाला ते मिळतं. पण एक लक्षात घ्या, तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची ही जात शेंगांसाठी निवडलेली आहे, लवकर फुलते. पाल्यासाठी उशिरा फुलणारं आणि छाटलं की खोडभर नवे अंकुर फोडणारं झाड हवं. शेवग्यात परपरागीभवन होतं, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर जातात, त्यामुळे एकाच पुडीतली रोपंही सारखी निघत नाहीत. मी दुप्पट दाट पेरतो, कमरेइतकं छाटतो आणि दुसऱ्या छाटणीनंतर प्रत्येक बुंध्यावरचे फुटवे मोजतो. ज्यावर तीन-चारच आले ते काढून टाकतो. जीवावर येतं, पण निवड खरी तिथेच होते.

उत्तर २:
वाण कितीही चांगला असो, पाला उन्हात वाळवला की हिरवेपणा गेलाच. सावलीत, पातळ पसरा. आणि निवडताना पानांच्या खालची बाजू बघा, कीड आधी तिथे दिसते. फवारलेला पाला औषधाला नको.

प्रश्नकर्ता:
फुटवे मोजायचं सुचलंच नव्हतं. जुन्यातलं एक झाड मात्र छाटल्यावर दाट फुटलंय. त्याचं बी धरून ठेवतो.

उत्तर १:
धरा, पण शेजारच्या झाडांचे पराग येणारच. रोपं पुन्हा पारखून घ्या.