ओल्या फिल्मवरचे ‘थेट’ प्रक्षेपण

चित्रपट आणि दूरचित्रवाणी या पहिल्यापासून प्रतिस्पर्धी होत्या, हे मत व्यवसायापुरते मान्य. तंत्राच्या बाबतीत मात्र ते टिकत नाही. नोव्हेंबर 1936 मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली, तेव्हा संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांची कंपनी आणि मार्कोनी-ईएमआय ही प्रतिस्पर्धी कंपनी यांच्या पद्धती आलटून-पालटून वापरल्या जात. त्यांपैकी बेअर्डच्या 240 रेषांच्या (म्हणजे चित्र तेवढ्या आडव्या ओळींत विभागून पाठवणाऱ्या) पद्धतीत स्टुडिओतील मोठ्या दृश्यांसाठी चक्क फिल्मचा कॅमेरा होता. त्यातून निघालेली फिल्म थेट रसायनांच्या टाक्यांत उतरे, डेव्हलप व फिक्स होऊन धुतली जाई आणि ओली असतानाच स्कॅनरपुढून, म्हणजे चित्राचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या यंत्रापुढून, सरके. त्यामुळे घरी दिसणारा ‘थेट’ कार्यक्रम जवळजवळ मिनिटभर शिळा असे, आणि आवाज चित्राच्या पुढे पळू नये म्हणून तोही त्याच फिल्मवर मुद्रित करावा लागे. टाक्यांना जखडलेला हा कॅमेरा जागचा हलवणेही शक्य नव्हते (कॅमेरा कसला, छोटी धुलाई-प्रयोगशाळाच ती!). ईएमआयच्या 405 रेषांच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यापुढे त्याचा निभाव लागला नाही आणि फेब्रुवारी 1937 मध्ये बीबीसीने बेअर्ड पद्धत बंद केली.

हीच युक्ती पुढे उलट्या दिशेने, दूरचित्रवाणीचे चित्र मोठ्या पडद्यावर दाखवण्यासाठी, चित्रपटगृहात आली. पडदा भरेल इतका प्रकाश चित्रनलिकेतून (दूरचित्रवाणी संचात चित्र उमटवणाऱ्या काचेच्या नळीतून) मिळवणे अवघड होते, म्हणून 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये नलिकेवर उमटलेले चित्र 35 मिमी फिल्मवर टिपून, साधारण मिनिटभरात धुऊन, नेहमीच्याच प्रोजेक्टरने दाखवले गेले.