६/६ दिसतं तरी डोळ्यांत अनफिट! मदत हवी आहे

तासगावची_ताई
धाकटा भाऊ मेडिकलला डोळ्यांत अनफिट झालाय. नजर एकदम स्वच्छ आहे त्याची, तक्त्यावरची शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचतो. काल सांगलीत चष्म्याच्या दुकानात दाखवलं, तिथंही ६/६ आहे, नंबर नाही म्हणाले. मग अनफिट कसा? परत तपासणी मागता येते का, किती दिवसांत? दोन दिवस घरात कुणी धड जेवलेलं नाही. लवकर सांगा.

मिरज_जंक्शन
कसलं मेडिकल? आर्मी, पोलीस, एसटी, रेल्वे? प्रत्येकाचं माप वेगळं असतं. कागदावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

कुपवाडचे_अण्णा
रंगांधळेपणा असणार बघा. माझ्या मेहुण्याचं अगदी असंच झालं होतं. ते इशिहाराचं ठिपक्यांचं पुस्तक असतं ना, त्यात आपल्याला ७४ दिसतं तिथं त्याला २१ दिसायचं. नजर ६/६ आणि लाल-हिरव्याचा गोंधळ. हे आईकडून मुलाला येतं. आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना होतं का विचारा.

तासगावची_ताई
अण्णा, रंगांचं नाहीच ओ. ते पुस्तक पास झालाय तो. रेल्वेचं आहे, असिस्टंट लोको पायलट. परत तपासणीचं कुणी सांगेल का?

शेवगा_शेंग
रात्री कमी दिसतं का त्याला? रातांधळेपणा असेल तर शेवग्याचा पाला रोज भाजीत घाला, सोबत गाजर, पपई. माझ्या चुलत्यांना फार गुण आला.

मिरज_जंक्शन
ताई, पाल्यातून ‘अ’ जीवनसत्त्व मिळतं, ते कमी पडून आलेल्या रातांधळेपणाला उपयोग होतो. नंबर त्यानं जात नाही. पोराची नोकरी अडकलीय, त्याला भाजीवर घालवू नका.

शेवगा_शेंग
मी नंबर जातो असं कुठं म्हटलं? अनुभव सांगितला.

सायकलस्वार_४१६
लेसर करून टाका. माझा मायनस साडेतीन होता, आता चष्मा नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

मिरज_जंक्शन
अजिबात करू नका! लोको पायलटला ए-वन मेडिकल लागतं आणि लेसरनं नंबर काढलेला उमेदवार त्यात चालत नाही. ए-वनला चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ लागतात, शिवाय रंग, रात्रीची नजर, दोन्ही डोळ्यांची एकत्र नजर आणि फॉगिंग टेस्ट. ताई, कागद!

तासगावची_ताई
आत्ता त्याच्याकडून फोटो मागवला. ‘फॉगिंग टेस्ट, दोन्ही डोळे +२ स्वीकारतात, ए-वन अनफिट’ असं आहे. म्हणजे काय?

नेत्रा_मिरज
मी डोळे तपासण्याचंच काम करते. एक विचारते: अभ्यास करून उठल्यावर संध्याकाळी कपाळ, भुवयांच्या वर दुखतं का त्याचं?

तासगावची_ताई
हो! टॉवेल ओला करून कपाळाला घट्ट बांधून बसतो. आम्ही जागरणाचं म्हणत होतो.

नेत्रा_मिरज
मग त्याला छुपा प्लस नंबर असणार. ६/६ चा अर्थ एवढाच, की साध्या नजरेच्या माणसाला ६ मीटरवरून जी ओळ वाचता येते ती यानं वाचली. नंबर नाही असा त्याचा अर्थ होत नाही. प्लस नंबरात प्रतिमा पडद्याच्या मागे पडू पाहते, आणि तरुण डोळा आतलं भिंग फुगवून ती पडद्यावर आणतो. दिवसभर हेच चालतं, म्हणून कपाळ दुखतं.
फॉगिंगमध्ये +२ चं भिंग पुढे धरतात. ज्याला नंबर नाही त्याला त्यातून अर्ध्या मीटरच्या पुढचं सगळं पुसट होतं, शेवटची ओळ वाचताच येत नाही. तुमच्या भावानं ती वाचली, कारण ते भिंग त्याच्या डोळ्याला हवंच होतं. चांगलं वाचलं म्हणूनच नापास झाला, असं आहे हे.

कुपवाडचे_अण्णा
पटत नाही. प्लस म्हणजे चाळिशी. तेविशीतल्या पोराला कुठली चाळिशी? आणि शाळेच्या पुस्तकात तर लांबचं नीट दिसतं त्याला दूरदृष्टिता म्हणतात, मग लांबचा नंबर मायनस कसा?

नेत्रा_मिरज
अण्णा, इथंच सगळ्यांची गल्लत होते. आपण बोलताना ‘लांबचा नंबर’ म्हणतो तो चष्मा कशासाठी लागतो त्यावरून; पुस्तकातलं नाव नीट काय दिसतं त्यावरून. म्हणून लांबचा नंबर म्हणजे निकटदृष्टिता, मायनस. चाळिशी तिसरीच: वयानं भिंग ताठर होतं, सुईत दोरा ओवताना हात लांब जातो. याचा प्लस जन्मापासूनचा असू शकतो. वय वाढलं की भिंग फुगेनासं होतं, झाकलेला नंबर वर येतो आणि लांबचंही पुसट होतं. रेल्वे आधीच बघते ते यासाठी.

आईबाबा_विटा
माझी मुलगी सहा वर्षांची आहे, टीव्ही बघताना एक डोळा आत वळतो. मोठी झाल्यावर जाईल ना आपोआप?

नेत्रा_मिरज
थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. वळणारा डोळा मेंदू वापरेनासा होतो, त्याला आळशी डोळा म्हणतात. लहानपणीच पट्टी-चष्म्यानं फरक पडतो. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहिते.

तासगावची_ताई
माझं राहिलंच. अपील करू का नको?

मिरज_जंक्शन
अनफिटचं कळवल्यापासून महिन्याच्या आत करता येतं, डोळ्यांच्या डॉक्टरच्या दाखल्यासह. पण नंबर खरंच असेल तर पैसे आणि दिवस दोन्ही जातील. स्टेशन मास्तरला ए-टू लागतं: चष्म्याशिवाय ६/९, फॉगिंग नाही. तो फॉर्म भरायला सांगा.

नेत्रा_मिरज
आधी थेंब घालून नंबर काढा. थेंबांनी भिंग फुगायचं थांबतं आणि खरा आकडा कळतो. दुकानात हे करत नाहीत, डॉक्टरकडेच जा.

तासगावची_ताई
सगळं त्याला वाचून दाखवलं. स्टेशन मास्तरचं ऐकून पहिल्यांदा बोलला दोन दिवसांत. उद्या मिरजेला आणते. थेंबांनंतर तो मोटरसायकल चालवत परत येऊ शकेल का?

नेत्रा_मिरज
नाही, काही तास धूसर दिसेल आणि उन्हानं डोळे दिपतील. तुम्ही चालवा, त्याला मागं बसवा. गॉगल घेऊन या.