मदत हवी आहे: तोंडी परीक्षेत डोकं एकदम ब्लँक होतं

मंडळी, एमएस्सीची व्हायवा तीन आठवड्यांवर आलीय. लेखी पेपरात काही प्रॉब्लेम नाही, पण समोर परीक्षक बसले की मला साध्या व्याख्यासुद्धा आठवत नाहीत आणि बाहेर येऊन चहा घेतला की तासा-दीड तासात सगळं धडाधड आठवतं, म्हणजे अभ्यास झालेला असतो, आतलं बाहेर येत नाही एवढंच.

थोडं वाचलं. ताण आला की अ‍ॅड्रेनलिन लगेच वाढतं पण कॉर्टिसॉल (ताणाचं दुसरं हार्मोन) साधारण 20-30 मिनिटांनी टोकाला जातं, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींचा भाग) त्याचे रिसेप्टर भरपूर, म्हणजे त्याचा परिणाम तिथे जास्त. 1998 च्या उंदरांवरच्या प्रयोगात शॉक दिल्यावर 30 मिनिटांनी आठवण बिघडली, 2 मिनिटांनी किंवा 4 तासांनी नाही. आता माझी गंमत बघा, आम्हाला बाहेर बाकावर अर्धा तास बसवतात, म्हणजे बरोब्बर त्याच वेळेला माझा नंबर!

करून पाहिलेलं: दीर्घ श्वास (हात थरथरायचे थांबतात, आठवत मात्र नाही), नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं, रात्री लवकर झोपणं. प्रोप्रॅनोलॉल (धडधड-थरथर कमी करणारी गोळी) सुचवू नका, मला दमा आहे. समुपदेशकांची अपॉइंटमेंट व्हायवानंतरची मिळालीय.

नुसतं वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारत केलेला अभ्यास ताणात जास्त टिकतो असं 2016 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तीन आठवड्यांत हे कुणी केलंय का, रोज किती वेळ, आणि मॉक व्हायवा ओळखीच्यांसमोर द्यावी की मुद्दाम अनोळखी लोकांसमोर?